डावा कौल

चोपडे,
१४ जानेवारी २०२४

मावशे,

पाया पडतो. तू नेहमीप्रमाणे पाय मागे ओढून घेतलेस असं समजतो.

फोन केला असता. पण फोन जवळ नेला की तुझ्या कानातलं ते यंत्र शिट्टी मारतं, तू ‘मोठ्यान उलय रे’ म्हणून ओरडतेस, मग मी ओरडतो आणि अख्ख्या वाड्याला आपली गुपितं कळतात. म्हणून पत्र. हे खरंच गुपित आहे.

मला मोपाची नोकरी सोडायची आहे.

आता घोटभर पाणी पी आणि पुढे वाच. विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त करायचं काम वाईट नाही. पगार वेळेवर, न्यायला बस, वरचे साहेबही बरे. पण माझं तिथे काही पुरं होत नाही. मी इंजिन उघडतो, शिफ्ट संपते, दुसरा कुणी ते मिटतो. ते नीट चाललं की नाही हे मला कधी कळतच नाही. परवा एका गाडीच्या आवाजावरून मी सांगितलं, हिचं बेअरिंग जाणार. कागदावर बेअरिंग बदलायची तारीख आली नव्हती, म्हणून हात लावायचा नाही. त्यांचंही बरोबर आहे, विमानाच्या पायाशी काम म्हटल्यावर नियम हवेतच. पण घरी येताना वाटतं, दिवसभर माझे कपडे घालून कोण वावरत होतं?

इथे नदीवर पन्नासेक होड्या आहेत आणि इंजिन दुरुस्त करणारा एक नाही. बिघडलं की म्हापशाला न्यायचं आणि आठवडाभर वाट बघायची. मागच्या रविवारी होडीवाल्या बाबाजीचं इंजिन मी सहज खोलून नीट करून दिलं. सुरू झालं तसा तो नदीत एक फेरी मारून आला आणि लांबूनच हात वर केला. तेवढ्यावर माझा आठवडा गेला.

गौरवी म्हणते, तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवून मग माझ्यापुढे रडत बसू नका. मी मात्र देवीला विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. मला रजा नाही, तेव्हा तू सातेरीच्या देवळात जाऊन कौल लावून घे. एवढंच विचार, सिद्धेशने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करावं की नाही. उजवा दिला तर सोडतो. डावा दिला तर पुन्हा विषय काढणार नाही, तुझ्या गळ्याची शपथ.

तुझा,
सिद्धेश

—

सुर्ला,
२९ जानेवारी २०२४

चि. सिद्धेश,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर पत्रात नव्याने पाठवायची वस्तू नव्हे.

शुक्रवारी देवळात गेले. धाकू गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. तुझं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगून गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून उभी. फार वेळ थांबावंही लागलं नाही. पाकळी डावीकडची पडली. मनात शंका राहू नये म्हणून पुन्हा विचारायला लावलं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच.

तेव्हा हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नकोस. पेडण्यातले निम्मे मुलगे त्या विमानतळावर चिकटायला धडपडताहेत आणि हे आमचे चिरंजीव तिथून सुटायला बघतात! देवीने नको म्हटलं म्हणजे नको. तिला पुन्हा विचारायलाही सांगू नकोस, माझे गुडघे दुखतात, देवळाच्या पायऱ्या आता झेपत नाहीत.

बसवाल्याकडे नाचणीचं पीठ दिलंय. गौरवीला म्हणावं, डबा परत पाठव. मागचे दोन अजून तिच्याकडेच आहेत.

पद्मावती

—

चोपडे,
९ जून २०२४

मावशे,

शपथ मोडली. तुझा गळा शाबूत असेल अशी आशा आहे.

तीन महिने कौल पाळला. मग एप्रिलमध्ये एकदा बसमध्ये शेजारी वर्कशॉपमधलाच एक वयस्क माणूस बसला होता. खुशीत येऊन म्हणाला, ‘आनी पांच वर्सां, मागीर सुटलों.’ तो आनंदाने मोजत होता. मी माझी मोजली, चौतिसाव्या वर्षी सव्वीस भरली. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तुला सांगायला दोन महिने लागले, कारण माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

घरामागे पत्र्याची शेड घातली आहे. पाण्याने भरलेलं एक मोठं पिंप, त्यात इंजिन उभं करून गोड्या पाण्यात चालवायचं, म्हणजे आतलं खारं धुऊन निघतं. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्यात, त्यामुळे जो तो इंजिन आणून टाकतोय. आज सात रांगेत आहेत. जेवायला तीन वाजतात, पाठ मोडते, आणि घर सध्या गौरवीच्या पगारावर चालतं याची लाजही वाटते. पण सकाळी जाग येते तेव्हा पाय आधी अंथरुणातून बाहेर पडतात, मी मागून जातो.

एकच गोष्ट खुपते. देवीने नको म्हटलेलं मी केलं. शेड सुरू करताना नारळसुद्धा वाढवला नाही, कुठल्या तोंडाने वाढवणार? परवा ग्राइंडरवर बोट कापलं, तीन टाके पडले. मी म्हटलं, बघ, आला कोप. गौरवी म्हणाली, देवीने नव्हे, तुम्ही हातमोजा घातला नाही.

एकदा येऊन शेड बघ ना.

सिद्धेश

—

सुर्ला,
२ जुलै २०२४

सिद्धेश,

गळा शाबूत आहे.

तुझ्या काकांना विसरलास का? दोन ट्रक होते दारात. खाण चालू होती तोवर आमचे यशवंतराव मालक होते. कुणाची चाकरी नाही, कुणाचा हुकूम नाही, मातीने लाल होऊन यायचे आणि राजासारखे जेवायला बसायचे. खाण बंद पडली. बाकीच्यांनी मिळेल त्याला ट्रक विकले, कुणी सिक्युरिटीत लागले, कुणी हॉटेलात. हे नाही. रोज सकाळी सात वाजता ट्रकमध्ये जाऊन बसायचे, इंजिन सुरू करायचे, दहा मिनिटांनी बंद करून घरात यायचे. का, तर बॅटरी उतरू नये. असं पाच वर्षं. तू सुट्टीत यायचास तेव्हा बघितलंस, मी घरातून जनेलाच्या गजांशी उभी राहून रोज बघितलं. एका सकाळी दहाची वीस मिनिटं झाली तरी इंजिन बंद होईना म्हणून मी बाहेर गेले. पुढचं तुला ठाऊक आहे.

नोकरी गेली तर माणूस दुसरी शोधतो. यांच्यात आणि ट्रकमध्ये वेगळं काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तू सात इंजिनांचं कौतुक लिहितोस आणि मला धडधडतं.

शेड बघायला बोलावू नकोस. मी येणार नाही.

पद्मावती

—

चोपडे,
२३ फेब्रुवारी २०२५

मावशे,

चवथीला आलो तेव्हा तू मला वाढलंस, पण बोललीस फक्त गौरवीशी. म्हणून पुन्हा लिहितो.

काम वाढलं आहे. शापोराहूनही इंजिनं येतात. मला आता नुसत्या आवाजावरून कळतं की कुणाचं इंजिन येतंय. गौरवीला जेवताना मी त्या आवाजांच्या नकला करून दाखवतो, ती ताट घेऊन आत जाते.

पण मन साफ नाही. परवाच्या वाऱ्यात शेडचा पत्रा उडाला. त्याआधी शॉक बसला. दर वेळी पहिली आठवण डाव्या कौलाची होते. एक चांगला दिवस गेला की वाटतं, हा चोरून घेतलेला आहे, हिशेब मागायला येईल कुणीतरी. एवढं माझं ऐक, देवळात जाऊन माझ्या वतीने सांग, लेकराची चूक पदरात घे म्हणून.

सिद्धेश

—

सुर्ला,
५ मार्च २०२५

चि. सिद्धेश,

पत्रा उडाला कारण तू तो खिळ्यांनी ठोकला असशील. बोल्ट मार.

देवळात जाणं होणार नाही, गुडघे. आणि देवीला तुझ्या पाठी लागण्याखेरीज दुसरी कामं आहेत. सारखा तिच्या नावाने भिऊ नकोस. आला दिवस नीट काम कर.

पद्मावती

—

चोपडे,
१२ ऑक्टोबर २०२५

मावशी,

मी गौरवी. ह्यांना न सांगता लिहिते आहे.

मागच्या महिन्यात बाबाजीची होडी समुद्रात नदीच्या मुखाबाहेर गेली आणि तिथे इंजिन बंद पडलं. तीन तास होडी लाटांवर भरकटत होती. शेवटी दुसऱ्या होडीने ओढून आणली. बाबाजी बचावला. त्याचा पुतण्या साईश होडीतच आपटला, त्याचा हात दोन ठिकाणी मोडला आहे. ते इंजिन त्याच्या आठच दिवस आधी ह्यांनी दुरुस्त करून दिलं होतं.

बाबाजीने ते आणून शेडमध्ये ठेवलं. तसाच परत गेला. ह्यांनी त्यावर प्लास्टिक टाकलं आहे आणि त्याला हात लावत नाहीत. मी म्हटलं, उघडून बघा तरी काय झालं ते. तर म्हणतात, बघायचं काय, देवीने आधीच सांगितलं होतं. विमानतळावर जागा निघाली होती, तिथे अर्ज केला. एक नोव्हेंबरला रुजू व्हा असं कळवलंय. हत्यारं विकायला काढलीत. महिनाअखेर शेड बंद.

मावशी, मला माझी पंचायतीतली नोकरी आवडते हे तुम्हाला ठाऊक आहे. दाखले लिहायचे, शिक्के मारायचे, पावणेसहाला घर. कामाची काळजी मी तिथल्या मेजावर ठेवून येते, मला तसंच बरं वाटतं. त्यामुळे सगळ्यांनी धंदाच करावा असं मी म्हणणार नाही. पण त्या शेडमध्ये हे कसे होते ते मी बघितलं आहे. वैताग यायचा मला त्या काळ्या हातांचा आणि नकलांचा. आता गप जेवतात, ताट स्वतः धुतात. मला ते ताट धुणं बघवत नाही.

नोकरीला जायचं तर खुशाल जावं. पण आपल्याला शाप लागलाय असं समजून जाऊ नये. तुम्ही मोठ्या आहात. देवीला पुन्हा एकदा विचारून काही करता येईल का?

तुमची,
गौरवी

(तिन्ही डबे या बसने पाठवले आहेत.)

—

सुर्ला,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. सिद्धेश,

जे लिहायचं ते आधी लिहिते, नाहीतर इकडचं तिकडचं करून पत्र संपेल.

पाकळी उजवी पडली होती.

धाकूचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आतच पडली. मी म्हटलं, वाऱ्याने पडली असेल, पुन्हा लाव. त्याने पुन्हा लावल्या. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा लाव म्हटलं तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘मावशे, देवी हय म्हणता. तुका तिची जाप जाय काय तुजी?’ उत्तर तर तिने दिलं होतं, मलाच ते नको होतं. घरी आले, तीन दिवस कागद पुढे घेऊन बसले आणि तुला डावा लिहिला. दोनदा विचारलं हे तेवढं खरं लिहिलं.

गुडघे दुखतात, पण पायऱ्या चढवत नाहीत त्या गुडघ्यांमुळे नव्हे. त्या दिवसापासून मी देवळात गेलेली नाही. रस्त्यावरूनच हात जोडते, आत बघत नाही. तू माफी सांगायला मला सांगितलंस तेव्हा तर मी पत्र वाचून मागच्या दारी जाऊन बसले. तरीही खरं लिहिलं नाही. तेव्हाही लिहिलं नाही, हे सगळ्यात वाईट.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. पण हे ताक माझं नव्हतं, तुझं होतं. तुला नोकरीत डांबलं की तू जगशील, एवढंच माझ्या डोक्यात. तिथे तू कसा जगशील हे मी मनात आणलंच नाही. तुझी आई तुला माझ्या हाती देऊन गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, आणि अजूनही मला तू रस्ता ओलांडताना दिसलास तरी ओरडावंसं वाटतं.

साईशचा हात मोडला तो देवीने मोडला नाही. तिने तुला परवानगी दिली होती. पावणेदोन वर्षं तुझ्या मानेवर जे ओझं आहे ते मी ठेवलंय. नोकरीला जायचं असेल तर जा, त्यात कमीपणा काही नाही. पण डाव्या कौलापायी जाऊ नकोस. तो कौल नव्हताच.

आता तुला जे म्हणायचं ते म्हण. कान गेलेत, वाचता येतं.

पद्मावती

—

चोपडे,
२३ नोव्हेंबर २०२५

मावशी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. आधी लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

राग आला. किती आला ते तुला कळू दे. बोट कापलं तेव्हा, पत्रा उडाला तेव्हा, साईशला बघायला इस्पितळात गेलो तेव्हा, दर वेळी मी देवीपुढे नाक घासत होतो. त्यातलं निम्मं मी तुला लिहीत होतो आणि तू ते वाचून बोल्ट मार म्हणत होतीस. मावशी माझ्याशी कधी खोटं बोलली नाही असं मी गौरवीला लग्नाआधी सांगितलं होतं.

अठ्ठावीस ऑक्टोबरला मी सुर्लाला आलो होतो. तुझ्या घरावरून गेलो. तू अंगणात पाठमोरी होतीस. थांबलो नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे लपवत नाही.

देवळात जाऊन धाकूला म्हटलं, माझ्यासमोर कौल लाव. त्याने पाकळ्या भिजवल्या आणि विचारलं, ‘कितें विचारूं?’ मी मनात प्रश्न जुळवायला लागलो. धंदा करू की नको? ते तिने सांगून झालंय. इंजिन का बंद पडलं? ते तिला काय विचारायचं, ते माझ्या शेडमध्ये पडलंय. धाकू पाकळ्या घेऊन उभा राहिला. मी पाया पडलो आणि बसने परत आलो.

त्याच संध्याकाळी प्लास्टिक काढलं. दहा मिनिटं लागली. पेट्रोलच्या नळीवर आवळायची पट्टी त्या दिवशी माझ्याकडे नव्हती, म्हणून मी ती तारेने बांधली होती. दोन दिवसांत बदलू म्हटलं आणि विसरलो. तार ढिली झाली, नळीत हवा शिरली, इंजिन बंद. दुसरं काही नाही. आणि खरं सांगू? मला ते आतून ठाऊक होतं. बाबाजीने इंजिन आणून ठेवलं त्याच क्षणी मला ती तार आठवली होती. म्हणूनच मी ते उघडत नव्हतो. देवीचा कोप म्हटला की स्वतःची तार बघायला नको. तुझं खोटं माझ्या सोयीचं झालं होतं, मावशी. हे वाक्य लिहायला मला चार आठवडे लागले.

तार घेऊन बाबाजीकडे गेलो. साईश गळ्यात हात अडकवून कदेलाला, खुर्चीला, पाठ टेकून बसला होता. दोघांसमोर तार ठेवली आणि सांगितलं. बाबाजी बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिला. म्हणाला, ‘चूक जाता रे मनशाची. पूण सांगूंक तुका इतले दीस लागले?’ साईशची बायको उठून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. तिचं बरोबर आहे. साईशचा हात चालू होईपर्यंत त्याच्या जागी बाबाजीबरोबर मी होडीवर जातो. रोज उलटी होते. दुपारनंतर शेड.

नोकरीला नाही म्हणून कळवलं. हत्यारांपैकी एक पाना विकला गेला होता, तो चढ्या भावाने परत घेतला. विमानतळावर माझी चूक कागदावर शिफ्टच्या नावाने गेली असती आणि वरच्या कुणीतरी ती निस्तरली असती. इथे माझी चूक मला साईशच्या बायकोच्या रूपाने दुकानात भेटते आणि तोंड फिरवते. मला वाटायचं, स्वतःचं काम म्हणजे मोकळीक. मोकळीक कसली, आता प्रत्येक नळी तीनदा बघतो आणि तरी जीव टांगणीला. तू सुखी आहेस का म्हणून विचारलंस तर मला पटकन हो म्हणता येणार नाही. पण हे सोडावं असंही एकदा मनात आलेलं नाही, आणि ते भीतीने नाही की हट्टाने नाही. मला हे काम नीट करायचं आहे.

राग अजून आहे. थोडे दिवस राहील, तू सोस. पण तुझं पत्र दहा वेळा वाचल्यावर एक लक्षात आलं. काका गेल्यापासून तुला माझ्याबद्दल भीती वाटते हे मला तू कधी सांगितलंच नव्हतंस. देवी नको म्हणते, लोक धडपडताहेत, गुडघे दुखतात, या सगळ्यांना तू पुढे करायचीस आणि स्वतः मागे राहायचीस. यापुढे तसं करू नकोस. भीती वाटली तर ‘रे सिद्धेश, माका भंय दिसता’ एवढंच लिही.

त्या जानेवारीत तेवढं लिहिलं असतंस तरी मी नोकरी सोडलीच असती गे मावशे. तुझ्याशी भांडलो असतो, तुझं रडणं ऐकलं असतं, तुला इथे आणून शेडच्या दारात बसवलं असतं आणि मग सोडली असती. एकट्याने नसती सोडली.

सिद्धेश